शेवटच्या दिवसाची तिकिटं

दीक्षाचा फोन आला तेव्हा दुर्गव्वा लग्नाच्या ब्लाउजला हुक लावत बसली होती. हुबळीच्या कमरीपेठेतल्या घराची पुढची खोली हेच तिचं शिवणकामाचं दुकान. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकट्या भावाची, यशपालची, ही एकुलती एक मुलगी इंजिनिअरिंगची सगळी वर्षं तिच्याजवळ राहून शिकली होती, त्यामुळं दीक्षा भाची कमी आणि लेक जास्त. आता ती बंगळूरला एका कंपनीत नोकरीला होती.

त्या दिवशी ती फोनवर इतक्या हळू बोलत होती, जणू बंगळूरचा आवाज धारवाडला तिच्या अप्पांच्या कानावर पडेल. तिच्या ऑफिसातल्या मंडळींचा एक पोकरचा क्लब होता. वर्षभर त्यांच्यात सामने झाले आणि दीक्षा पहिली आली. बक्षीस म्हणून क्लबानं तिला जानेवारीत पणजीला होणाऱ्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळवून दिली होती. देशभरातले नावाजलेले खेळाडू तिथं यायचे.

दुर्गव्वानं सुई कापडात टोचून ठेवली आणि स्पर्धा कशी चालते ते विचारलं. दीक्षानं सांगितलं, पाच दिवस चालते, रोज माणसं बाहेर पडत जातात आणि शेवटच्या दिवशी एका टेबलावर फक्त नऊजण उरतात. त्या दिवशी बघायला बाहेरच्या लोकांनाही आत सोडतात.

"मग मी शेवटच्या दिवशी येते," दुर्गव्वा म्हणाली.

"आत्ती, शेकड्यांनी लोक असतात तिथं. मी पहिल्याच दिवशी बाहेर पडले तर तू येऊन काय बघणार?"

"मग समुद्र बघीन."

पोकर दुर्गव्वाला दीक्षानंच शिकवला होता. लॉकडाऊनमध्ये दीक्षा कमरीपेठेत अडकली, शिवणकाम बंद पडलं, आणि दुपारी दोघी चटईवर बसून चिप्सच्या चकत्यांऐवजी शर्टाची बटणं मांडून खेळत. हातातली दोन पानं फक्त आपली, मधली पाच सगळ्यांची, आणि समोरच्याकडं काय आहे ते त्याच्या वागण्यावरून ओळखायचं, एवढं दुर्गव्वाला चटकन समजलं. पुढं दीक्षा बंगळूरला गेली तरी दुर्गव्वाचा नाद सुटला नाही. मोबाईल मशीनला टेकवून ठेवायची आणि काजं करता करता जगभरचे सामने बघायची. स्वतः ती कधी कुणाशी खेळली नाही. तिला बघायलाच आवडायचं. क्रिकेट बघणारे तरी कुठं सगळे बॅट घेऊन उतरतात, असं ती म्हणायची.

एकटीनं गोव्याला जाणं तिला अवघड नव्हतं. पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं की, हे त्या पोरीच्या आईबापांनी बघायला पाहिजे. आणि तिथंच सगळी अडचण होती.

दुर्गव्वा आणि यशपालचे वडील सत्याप्पा हुबळीच्या गिरणीत कामाला होते. शनिवारी पगार झाला की वस्तीमागच्या चिंचेखाली पत्त्यांचा डाव पडायचा. आई दुर्गव्वाला आणि यशपालला जेवायला बोलवायला पाठवायची. सत्याप्पा म्हणायचे, हा एवढा डाव. पोरं चिंचेखाली बसून राहायची आणि तो एवढा डाव कधी संपायचा नाही. घरी येताना खिसा रिकामा असायचा. मोठा झाल्यावर यशपालनं विहारातली पोरं गोळा केली आणि तो अड्डा बंद पाडला. मार खाल्ला, पण बंद पाडला. आयुष्यात आपण एक काम केलं असं तो मानायचा ते हेच. धारवाडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त होऊन तो आता तिथल्याच मळमड्डीत राहत होता आणि दर रविवारी विहारात पंचशील सांगताना पत्त्यांवर दोन शब्द बोलल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नसे.

दुर्गव्वा हुबळी-धारवाडमधल्या जलद चिगरी बसनं धारवाडला गेली आणि आधी भावाशी बोललीच नाही. ती भावजयीशी बोलली. सुजाता अंगणवाडीत सेविका होती, अबोल, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. समुद्र तिनं पाहिला होता तो फक्त दादरला, सहा डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत उभी असताना माणसांच्या डोक्यांवरून. ही दोघं नवराबायको नागपूरला जात, दादरला जात, पण नुसतं फिरायला म्हणून संसारात कधी कुठं गेलेली नव्हती. दुर्गव्वानं गोव्याचं नाव काढलं तेव्हा सुजातानं हातातली परात खाली ठेवली आणि विचारलं, समुद्राजवळ बसता येतं का, कुणी उठवत नाही ना.

यशपालला दुर्गव्वानं सांगितलं की, दीक्षाची तिथं एक स्पर्धा आहे, बुद्धीची, तीही बघू आणि फिरूही. शब्द खोटा नव्हता, पण पुराही नव्हता. स्पर्धा संपेपर्यंत अप्पांना काही सांगू नकोस, असं दीक्षानं बजावलं होतं. यशपालनं कॉम्प्युटरचं काहीतरी असेल असं धरलं आणि बायकोच्या तोंडाकडं बघून तो हो म्हणाला.

मग दुर्गव्वानं तयारी केली ती एखाद्या लग्नासारखी. सव्वीस जानेवारीला विहारात संविधानाचं वाचन असायचं, त्याला यशपाल लागायचाच. स्पर्धा त्याच्या आधी संपत होती हे तिनं पहिल्यांदा बघून घेतलं. सुजाताच्या रजेसाठी ती स्वतः सुपरवायझर बाईंना भेटून आली. तिकिटं काढून द्यायला शेजारचा चेतन आला, त्यानं विचारलं, सुरुवातीचे दिवस घेऊ का, तेव्हा रिसॉर्ट स्वस्त असतात. तिनं सांगितलं, शेवटचा दिवस आणि त्याच्या आदली संध्याकाळ, दुसरं काही नको. राहायला पणजीच्या आतल्या गल्लीतलं एक साधं लॉज निवडलं, कारण स्पर्धेच्या हॉटेलापासून ते चालत जाण्यासारखं होतं. लग्नसराईची तीन गिऱ्हाइकं तिनं परत पाठवली.

जानेवारीत स्पर्धा सुरू झाली. पहिल्या रात्री दीक्षाचा निरोप आला, टिकले. दुसऱ्या रात्रीही तोच. तिसऱ्या रात्री ती म्हणाली की, माझ्यापुढं आता अगदी थोड्याच चिप्स उरल्यात, उद्या सकाळीच बाहेर पडेन, तुम्ही उगाच येऊ नका. दुर्गव्वा म्हणाली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून झाली आहे, आता येणारच.

सकाळी ती हुबळीला गाडीत बसली, यशपाल आणि सुजाता धारवाडला चढले. लोंडा मागं पडलं, रान दाट झालं. दुर्गव्वाचा मोबाईल मध्येच लागायचा, मध्येच जायचा. कॅसलरॉकच्या अलीकडं दीक्षाचा निरोप येऊन पडला की, ती अजून खेळतेय आणि आता तीन टेबलं उरली आहेत. दुर्गव्वानं तो वाचला आणि समोर खिडकीशी बसलेल्या भावाकडं बघितलं. तो सुजाताला बोगदे दाखवत होता, फार दिवसांनी असा मोकळा बोलत होता. याला असाच त्या हॉटेलाच्या दारात नेऊन उभा करायचा आणि पत्त्यांची चित्रं लावलेली पाटी त्यानं स्वतः वाचायची, हे तिला सोसेना. तिनं घाटातच सगळं सांगून टाकलं.

यशपालनं खिडकीतून तोंड आत वळवलं. मग म्हणाला, "अक्का, तू मला फसवून आणलंस."

"हो. पण दारापर्यंत नेण्याआधी सांगितलं."

"अप्पांना चिंचेखालून आणायला आपण दोघं जात होतो. तू विसरलीस?"

ती विसरली नव्हती आणि तसं तिनं सांगितलंही. पण दीक्षा म्हणजे अप्पा नव्हेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. यशपालनं ते ऐकून घेतलं नाही. घाट उतरून गाडी कुळेला थांबली तेव्हा त्यानं आपली पिशवी काढली आणि तो फलाटावर उतरला. इथून मिळेल त्या गाडीनं परत जातो म्हणाला. बायकोही उतरेल असं त्यानं धरलं होतं. सुजाता जागची उठली नाही. खिडकीच्या गजाला धरून ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही जावा. मी माझ्या लेकीला बघून येते."

तीस वर्षांत ती असं बोलली नव्हती. यशपाल पिशवी घेऊन फलाटावर उभा राहिला. सिग्नल पडला, गाडी हलली, आणि तो पुढच्या डब्याच्या दारातून वर चढला. मडगावपर्यंत तो त्या दोघींजवळ आला नाही, पण उतरल्यावर सगळं सामान त्यानंच उचललं.

संध्याकाळी तिघं मिरामारला गेली. सुजाता पाण्याजवळ वाळूत बसली आणि खरंच कुणी उठवलं नाही. यशपाल लांब बांधावर बसून होता. सूर्य बुडता बुडता दीक्षाचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. नऊजण उरले होते आणि त्यांत ती होती. दुर्गव्वानं फोन सुजाताकडं दिला. सुजाता फक्त हं, हं म्हणत राहिली आणि शेवटी जेवलीस का एवढंच तिनं विचारलं. बातमी सांगायला दुर्गव्वा भावाकडं गेली तेव्हा त्यानं मान हलवली आणि उद्या मी आत येणार नाही, बाहेर बसेन, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ सुरू झाला. मोठं थंडगार सभागृह, मध्ये एकच टेबल, त्यावर पांढरा उजेड, भोवती दोरी आणि दोरीमागं बघे. दीक्षा साध्या निळ्या शर्टात, केस घट्ट बांधून बसली होती. आठ पुरुष आणि ही एक. आई दिसताच तिचे डोळे क्षणभर हलले, मग ती पुन्हा टेबलाकडं वळली.

दुर्गव्वा सुजाताच्या कानाशी कुजबुजत सगळं समजावत होती. सुजाताला पानं कळत नव्हती, पण लेकीचा हात थरथरत नाही हे तिला दिसत होतं. पहिला माणूस बाहेर पडला, मग दुसरा. दीक्षा फारसं काही करत नव्हती. पानं उचलून कोपऱ्यातून बघायची आणि टाकून द्यायची. पुन्हा बघायची, पुन्हा टाकायची. मध्येच एखाद्या वेळी पुढं सरसावायची आणि समोरचा मागं हटायचा. दुर्गव्वानं मोबाईलवर शेकडो सामने पाहिले होते, पण डोळ्यांसमोर, आपल्या माणसाचा, हा पहिलाच.

पाचजण उरले असताना तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. यशपाल होता. हॉटेलच्या दर्शनी भागात पडदा लावला होता, त्यावर तो इतका वेळ बघत बसला होता.

"ती सारखी पानं टाकूनच देते," तो हळू आवाजात म्हणाला. "खेळत का नाही?"

"हाच खेळ आहे," दुर्गव्वा म्हणाली.

तो टेबलाकडं वळला. दोरीला हात न लावता हाताची घडी घालून उभा राहिला.

तिघं उरले. दीक्षा, टोपीवाला एक पंजाबी आणि मुकुल नावाचा पुण्याचा खेळाडू, जो आधीही अशा शेवटच्या टेबलांवर बसलेला होता आणि त्याच्यापुढचा चिप्सचा ढीग सगळ्यांत मोठा होता. एका डावात मधली पानं राजा, नव्वी, चौकी अशी उघडली. मुकुलनं फार मोठी बोली लावली. दीक्षा थांबली. तिनं आपली पानं एकदा पाहिली, मुकुलकडं पाहिलं, पुन्हा पानांकडं पाहिलं. दुर्गव्वाला कळलं की, हातात काहीतरी चांगलं आहे, नाहीतर एवढा वेळ लागला नसता. आणि मग दीक्षानं पानं उताणी करून टाकून दिली. दोन राण्या होत्या.

लोक हळहळले. एवढी जोडी कुणी टाकतं का, असं मागं कुणीतरी म्हणालं. मुकुल हसला आणि त्यानंही आपली पानं दाखवली. दोन राजे, आणि मधला तिसरा. दीक्षा त्या डावात राहिली असती तर तिची स्पर्धा तिथंच संपली असती.

यशपालनं बहिणीला विचारलं, आत्ता काय झालं ते मला नीट सांग. तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग दोरीपलीकडच्या मुलीकडं बघत म्हणाला, "अप्पांच्यानं हे कधीच झालं नसतं."

दुर्गव्वा सरकली आणि तिनं त्याला दोरीजवळ जागा करून दिली.

त्यानंतर दीक्षा बदलली. टोपीवाला बाहेर पडला आणि ती मुकुलसमोर एकटी उरली, तेव्हा तिच्यापुढं त्याच्या अर्ध्याच चिप्स होत्या. पण आता ती मागं राहिली नाही. लहान लहान डाव एकामागून एक जिंकत गेली. मुकुल पुढं आला की ती वाट सोडायची, तो थबकला की ती पुढं यायची. बाहेर दिवे लागायच्या सुमारास तिचा ढीग त्याच्यापेक्षा मोठा झाला. बघ्यांमध्ये आता तिच्या बाजूचे लोक वाढले होते. हुबळीची मुलगी, हुबळीची मुलगी, असं एकमेकांना सांगत होते. यशपालनं त्यातल्या एका कन्नड बोलणाऱ्याची चूक दुरुस्त केली की, मूळची धारवाडची, शिकली हुबळीत.

शेवटच्या डावात मध्ये गुलाम, सत्ती, दुर्री उघडली. दीक्षानं बोली न लावता डाव मुकुलकडं दिला. त्यानं बोली लावली, तिनं तेवढीच भरली. चौथं पान तिर्री निघालं. पुन्हा तसंच. पाचवं पान राणी. मुकुलनं क्षणभर विचार केला आणि आपल्यापुढचं सगळं मध्ये सरकवलं. या वेळी दीक्षाला वेळ लागला नाही. त्याचे हात चिप्सवरून निघायच्या आत तेवढंच भरायची तयारी दाखवत ती म्हणाली, "कॉल."

मुकुलकडं गुलाम आणि राणी होती, दोन जोड्या झाल्या होत्या. दीक्षानं आपली पानं उलटली. दोन सत्त्या, आणि मधली तिसरी.

सुजातानं नणंदेचा दंड धरला. काय झालं, तिनं विचारलं. "जिंकली," दुर्गव्वा म्हणाली. "तुझी लेक जिंकली." आणि मग तिला स्वतःला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची कुठंच नव्हती, म्हणून ती सुजाताला धरून उभी राहिली. सभागृह टाळ्यांनी भरून गेलं होतं. मुकुल उठला, त्यानं दीक्षाशी हात मिळवला आणि तिच्यासाठी खुर्ची मागं ओढली.

दीक्षा सरळ दोरीपाशी आली. वडील येतील असं तिला वाटलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि रोज घरात शिरताना म्हणायची तसं म्हणाली, "अप्पा, जय भीम."

टाळ्या ओसरत होत्या. यशपालनं भरल्या सभागृहात खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "जय भीम." मागच्या रांगेतून कुणीतरी अनोळखी माणसानंही साथ दिली. दीक्षा रडू लागली ती तेव्हा.

मग माईक घेऊन एक मुलगी आली. फायनलची बातमी कळल्यावर घरचे धावत आले का, असं तिनं विचारलं. दीक्षानं डोळे पुसले आणि सांगितलं की, नाही, माझ्या आत्तीनं मी यायच्या कितीतरी आधीच शेवटच्या दिवसाची तिकिटं काढून ठेवली होती, मला स्वतःलाही एवढी खात्री नव्हती. लोक हसले, दुर्गव्वाकडं वळून टाळ्या वाजवू लागले. खरं तर दुर्गव्वालाही खात्री नव्हती. जायचंच तर शेवटच्या दिवशी जायचं, एवढंच तिला वाटलं होतं. पण ते सांगायची ही वेळ नाही असं ठरवून तिनं पदर सावरला आणि सगळ्यांना नमस्कार केला.

फोटोसाठी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. यशपाल आला, पण पत्त्यांसोबत फोटो नको म्हणाला. दीक्षानं एका हातानं सगळी पानं गोळा करून बाजूला ठेवली. फोटो निघाल्यावर त्यानं मुलीला सांगितलं, "हे मला पटलं असं समजू नकोस. रविवारी मी तेच बोलणार आहे." दीक्षा म्हणाली, बोला की अप्पा, मी समोर बसून ऐकते. तो हसला. ती आणि आई दोन्हीकडून त्याच्या दंडाला धरून बाहेर पडल्या, आणि मागून चषक घेऊन दुर्गव्वा निघाली. तो चांगलाच जड होता, पण तिनं कुणाच्या हाती दिला नाही. मांडवीच्या कडेनं ती चौघं चालत जेवायला गेली तेव्हा रस्त्यावरचे लोक वळून वळून तिच्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुर्गव्वाला जाग आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ती चहा बघायला बाहेर आली. दीक्षा रात्री आपलं सामान घेऊन त्यांच्याच लॉजवर आली होती, तिची खोली शेवटची. त्या दारासमोर यशपाल प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसला होता. अंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा, मांडीवर वर्तमानपत्र. खोल्या झाडणारी बाई बादली घेऊन आली आणि दार वाजवायला तिनं हात उचलला. यशपालनं तो हळूच अडवला.

"नंतर या," तो मोडक्यातोडक्या कोकणीत म्हणाला. "आत माझी मुलगी झोपली आहे. काल फार दमली ती."

बाई बादली घेऊन पुढच्या खोलीकडं गेली. यशपालनं खुर्ची दाराच्या आणखी थोडी जवळ ओढली.